हळद्याचं घरटं

कॅमेरा घरात आला आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाच्या नजरेत माझ्याबद्दल एक प्रश्न येऊन बसला. कॅमेरा काही नवा नव्हता. माझा प्रकाशमामा नांदेडला लग्नांचे फोटो काढायचा. त्यानं स्वतःला मोठा कॅमेरा घेतला आणि हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला जुना मला देऊन टाकला. त्याच्या पाठीवर काडेपेटीएवढी काच होती, तिच्यात काढलेला फोटो दिसायचा; उन्हात तोही धड दिसायचा नाही. दूरचं जवळ आणायची त्याची ताकद मात्र चांगली होती. मी तेव्हा अकरावीला होते, औशाच्या कॉलेजात एसटीनं जाऊन-येऊन करायची. मामाला वाटलं असेल, पोरगी घरच्यांचे फोटो काढील, सणावाराला उपयोगी पडेल. मी पहिला फोटो काढला तो गोठ्यातल्या बल्बच्या वायरला लोंबणाऱ्या एका घरट्याचा. कोळ्याची जाळी, वाळलेली पानं, सुतळीचे धागे असं काहीबाही चिकटवून सूर्यपक्ष्याच्या मादीनं ते केलं होतं. लांबून बघितलं तर केरसुणीला अडकलेला कचरा वाटावा. त्या कचऱ्यातून एक इवली वाकडी चोच बाहेर डोकावत होती. माय धार काढत होती. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या म्हशी सोडून तुला ते चिमणं दिसलं व्हय ग?"

ते फाल्गुनाचे दिवस होते. बांधावरचा पांगारा लाल झाला होता, त्याच्यावर दिवसभर साळुंक्यांची भांडणं चालायची. कॉलेजातून आले की दप्तर फेकून मी कॅमेरा गळ्यात अडकवून निघायची. ओढ्याच्या कडेला रुईची झाडं होती. त्यांच्यावर तांबडी, काळ्या कडांची फुलपाखरं बसायची. ती संथ उडायची, त्यांना घाई नसायची. रुईचा कडवटपणा त्यांच्या अंगात असतो म्हणून पाखरं त्यांना खात नाहीत, हे मला नंतर कळलं. परसातल्या लिंबावर चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या. माय त्या झाडून टाकणार होती, मी तिचा हात धरला. पंधरा-वीस दिवसांनी त्यांतल्या एकीच्या कोशातून पिवळं-काळं फुलपाखरू निघालं आणि पंख वाळवत बसलं, तेव्हा माय हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवून बघायला आली. भाकरी करपली. दुपारी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली, आणि मग विचारलं, "फोटू काढून ह्याचं तू पुढं काय करणार हाईस?" मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

गावाला मात्र उत्तर हवं होतं. सतरा वर्षांची मुलगी एकटी बांधाबांधानं फिरते, झाडाआड तास-तास उभी राहते, म्हणजे काहीतरी असणारच. विजेच्या तारांवर वेडे राघू ओळीनं बसायचे, त्यांच्याकडे मी कॅमेरा वर केला की खालच्या शेतातला माणूस पळत यायचा. "वायरमनला दावायला काढायलीस का?" असं विचारून, तारेवर चोरून टाकलेला आकडा माझ्यादेखत काढून घ्यायचा. कुणाला वाटायचं रस्त्यात जमीन जाणार आहे, त्याची मोजणी मी करते. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायका मला बघून पदर सावरायच्या. माय उघड काही म्हणायची नाही, पण मी परत आले की माझ्या चपलांना कुठली माती लागलीय ते बघायची. अण्णा रोज संध्याकाळी कॅमेरा मागून घ्यायचे आणि त्या काडेपेटीएवढ्या काचेला डोळा लावून एकेक फोटो पुढं सरकवायचे. बुलबुल, खाटीक, होला, पुन्हा बुलबुल. ते पक्षी बघत नव्हते, पक्ष्यांच्या मागं कुणी उभं आहे का ते बघत होते, हे मला कळायचं. मला राग यायचा. पण संशय ही वस्तू अशी आहे की तिच्यात राहिलं की ती आपल्यालाही लागते. मीही हळूहळू सगळ्यांकडे तशीच बघायला लागले.

त्याचं कारण घरटी होती. एके दिवशी गोठ्यातलं घरटं रिकामं सापडलं. मी मांजरीला बोल लावला. मग शाळेमागच्या मेंदीच्या कुंपणात बुलबुलाचं घरटं होतं, तीन पिल्लं, डोळे अजून उघडायचे होते. पाच दिवस मी फोटो काढले, सहाव्या दिवशी घरट्याची वाटी एका बाजूला कललेली आणि आत काही नाही. आईबाप कुंपणावर बसून ओरडत होते. मग होल्याची अंडी गेली. मी वहीत तारीख लिहायची, जागा लिहायची आणि समोर लिहायची: रिकामं. तीन वेळा तो शब्द लिहिल्यावर मला वाटायला लागलं, कुणीतरी माझ्या मागावर आहे. मी घरटं शोधते, तिथं उभी राहते, आणि मी गेले की कुणीतरी येऊन ते लुटतं.

चैत्रात शरणप्पा आला. थोरल्या काकांची आमराई त्या वर्षी लातूरच्या एका फळवाल्या बागवानानं हंगामापुरती घेतली होती, आणि राखणीला त्यानं हा माणूस आणून ठेवला होता. साठीच्या पुढचा, काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर, एका कानात बाळी. निलंग्याच्या पलीकडचा, सीमेवरचा. मराठी बोलायचा, पण बोलता बोलता कानडीत घसरायचा, आणि समोरच्याला कळलं नाही की गप्प व्हायचा. आमराईच्या मधोमध त्यानं कुडाचं खोपटं घातलं. सकाळी पोपटांचे थवे यायचे तेव्हा त्याची गोफण फिरायची. आधी घुईं असा आवाज, मग फटकारा, आणि दूर पानांत दगड पडल्याचा. त्या आवाजाला मी दचकायची. गोफणीनं पोपट उठवणारा माणूस घरट्यावरही दगड मारत असेल असं माझ्या मनानं घेतलं. गोठ्यातलं घरटं आणि बुलबुलाची पिल्लं तो गावात यायच्या आधीच गेली होती, हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते मी लक्षातच घेतलं नाही.

वैशाख लागता लागता हळद्या आला. आमराईतून बासरीची एक फुंकर यावी तशी त्याची शीळ यायची, आणि मग पानांत हळदीचा एक गोळा इकडून तिकडं जायचा. त्याला कॅमेऱ्यात धरायला मला आठ दिवस लागले. मग एका दुपारी मादीच्या चोचीत गवताची काडी दिसली. आमराईच्या कडेला जुनी विहीर होती, तिच्यावर एका आंब्याची फांदी आडवी आलेली. त्या फांदीच्या बेचक्यात झोळी टांगावी तसं घरटं टांगलेलं होतं. विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं की ते जवळजवळ डोळ्यांसमोर यायचं, फक्त मध्ये पानं होती. दाट, गर्द पानं. घरटं असून नसल्यासारखं.

मी रोज जायची. दुपारी घरात सगळे जेवून आडवे झालेले असायचे. कैरीचं पन्हं पिऊन, ओढणी डोक्याला गुंडाळून मी निघायची. आमराईत सावली असली तरी गरम वारा असायचा, आंब्याच्या चिकाचा वास असायचा. पावशा कुठंतरी ओरडत असायचा. मी कठड्यावर उभी राहायची, आणि शरणप्पा खोपट्याच्या दारात बसून माझ्याकडे बघत असायचा. पाटी विणत असला तरी बघायचा. मी जागा बदलली की तोही थोडा सरकून बसायचा. एकदा तो उठून थेट विहिरीपर्यंत आला. हातात कोयता होता. त्यानं घरट्याकडे बोट केलं, मग कोयता हवेत आडवा फिरवला, मान हलवली, आणि म्हणाला, "ब्याड यव्वा, ब्याड." त्याचे डोळे लाल होते. मी कठड्यावरून उडी मारली आणि मागं न बघता घरी आले. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कॅमेरा पेटीत गेला असता.

पिल्लं निघाली. तीन चोची वर यायच्या. नर आणि मादी आळीपाळीनं अळ्या आणायची. मी दिवसाला पन्नास-पन्नास फोटो काढायची. आज माझी मुलगी त्या वयाची आहे. तिच्या फोनमध्ये माझ्या त्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे, आणि घरटं दिसलं की पहिल्यांदा ती जागा चार लोकांना कळवण्याची तिला घाई असते. मी तिच्यावर ओरडते तेव्हा तिला कळत नाही की मी एवढी का ओरडते. कधीतरी हे तिला वाचायला द्यावं म्हणून मी लिहायला बसले आहे.

एका सकाळी मी लवकर निघाले. आमराईच्या तोंडाशीच सोनकावळा दिसला, म्हणजे भारद्वाज. काळा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा. आमच्याकडं तो दिसणं शुभ मानतात. माय त्याला बघून हात जोडायची. तो बांधावर उतरला होता, चोचीत सरडा का काय धरलेला. मी तीन फोटो काढले आणि आज दिवस चांगला जाणार म्हणून खुशीत विहिरीवर चढले. घरटं रिकामं होतं. झोळीचा एक काठ सुटून खाली लोंबत होता. मादी फांदीवरून फांदीवर नुसती उडत होती, आणि तिचा आवाज शिळेचा नव्हता, मांजर चिडल्यासारखा होता.

मी सरळ खोपट्याकडं गेले. शरणप्पा आत नव्हता. दारात विझत आलेली चूल, तिच्यावर काळं पडलेलं भगुलं. कोपऱ्यात एक पाटी पालथी घातलेली, वर दगड. मी पाटी उचलली. आत जुन्या धोतराच्या चिंधीवर हळद्याचं एक पिल्लू होतं. त्यानं मला बघून चोच उघडली.

मी पाटी परत तशीच पालथी घातली आणि पळत घरी आले. थोरले काका ओट्यावर चहा पीत बसले होते, शेजारी अण्णा. माझा श्वास लागला होता.

"काका, त्या शरणप्पानं पिल्लं चोरली. एक त्याच्या खोपटात हाय, पाटीखाली. मी बघितलं."

"कसली पिल्लं?"

"हळद्याची."

काका हसले. बशीत चहा ओततच म्हणाले, "मग काय झालं? पाखरंच हायत. आपली कोंबडी थोडीच नेली त्यानं."

अण्णाही हसले. त्या हसण्यानं माझं काय झालं ते मी आता बरोबर सांगू शकते, तेव्हा नसतं सांगता आलं. तीन महिने मी जे बघत होते त्याची किंमत त्या ओट्यावर एका कोंबडीपेक्षा कमी होती. त्यांना हलवेल असं काहीतरी मला हवं होतं. आणि ते माझ्याजवळ होतं.

"तो माझ्या मागं मागं असतो," मी म्हणाले. "मी आमराईत गेले की टक लावून बघत बसतो. त्या दिवशी कोयता घेऊन आला माझ्याजवळ. कायतरी बोलला बी."

काकांची बशी ओठांपाशी थांबली. त्यांनी अण्णांकडं बघितलं. त्यांनी काय ऐकलं ते मला कळलं. मी जे म्हणाले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्यांनी जे ऐकलं ते खरं नव्हतं. "तसं न्हाई काका," एवढं म्हणायला मला वेळ होता. त्यांनी बशी खाली ठेवली, चपला घातल्या, कोपऱ्यातली काठी घेतली, तेवढा सगळा वेळ होता.

आमराईत पोचेपर्यंत गावातली चार-पाच माणसं मागं आली होती. शरणप्पा बांधावरून खोपट्याकडं येत होता, उजवी मूठ घट्ट मिटलेली. काकांनी पाटी पायानं उलटी केली.

"हे काय हाय रे शरण्या?"

"पडलं व्हतं, मालक. खाली पडलं व्हतं. दुसरं दोन ग्येलं." तो वर बोट दाखवायला लागला, मग कानडीत काहीतरी भराभर बोलला, मग माझ्याकडं वळून म्हणाला, "यव्वा, तू सांग की."

तो माझ्याकडं वळला हेच पुरलं. काकांनी त्याच्या कानशिलात मारली. तो तोल जाऊन चुलीपाशी बसला आणि त्याची मूठ उघडली. तिच्यातून तीन-चार हिरवे नाकतोडे बाहेर पडले. दोघांचे पाय त्यानं आधीच मोडून ठेवले होते, म्हणजे पिल्लाला गिळता यावेत. मी ते बघितलं. नाकतोडे कशासाठी आहेत हे त्या सगळ्या माणसांत मला एकटीलाच कळत होतं. मी ओढणीचं टोक तोंडात धरून उभी राहिले.

दुपारच्या गाडीनं त्याला लावून दिलं. एका पोत्यात त्याचं सगळं सामान मावलं. जाताना कुणी त्याला काही विचारलं नाही, त्यानंही कुणाकडं बघितलं नाही.

पिल्लू मी घरी आणलं. दुधात भिजवलेला भात भरवला. नाकतोडे धरायला मी बाहेर जाऊ शकत नव्हते, कारण आता मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मेलं. गावात गोष्ट पसरली होती आणि पसरताना वाढली होती. बायका मायकडं येऊन हळू आवाजात चौकशी करून जायच्या. मायनं मला चुलीपुढं बसवून विचारलं, "त्यानं हात लावला का तुला?" मी म्हणाले, न्हाई. "मग?" मी म्हणाले, काही न्हाई. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिच्या त्या बघण्यातला संशय मी आजही विसरलेले नाही. पहिल्यांदाच तो योग्य जागी होता.

अण्णांनी कॅमेरा एका पिशवीत घातला आणि मायला म्हणाले, "नांदेडला जाऊन ये हिला घेऊन. प्रकाशला हे परत कर. चार दिस राहू दे तिकडंच, लोकांची तोंडं थंड होऊ दे."

मामाचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. पंख्याखाली दोन कॉम्प्युटर, भिंतीवर नवरानवरीचे फोटो. मामाला आमच्यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं कौतुकानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. "बघू तरी भाचीनं काय काय टिपलंय." माझे फोटो मी पहिल्यांदाच एवढे मोठे बघत होते. फुलपाखराच्या पंखावरची भुकटी दिसत होती. माय "अग बाई" म्हणाली. मामा एकेक पुढं नेत होता. हळद्याचं घरटं आलं. तो थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला.

"सुलू, हिथली पानं कुणी काढली?"

"मी," मी म्हणाले. "दिसत नव्हतं म्हणून. आंबे उतरवायच्या काठीनं. रोज थोडी थोडी."

पहिल्या दिवशीच्या फोटोत पानांच्या आड नुसता एक करडा ठिपका होता. शेवटच्या दिवशीच्या फोटोत घरटं उघड्या आभाळाखाली टांगलेलं होतं, बाजारात मांडल्यासारखं. मामानं त्याच्यामागची फांदी मोठी केली. तिच्यावर एक लाल डोळा होता. त्या दिवशी दुपारी मी कठड्यावर उभी होते आणि तो माझ्या बरोबर समोर बसून वाट बघत होता. मामानं कॉम्प्युटरवर बुलबुलाचे फोटो उघडले. मेंदीच्या बुडाशी विटकरी पंख. त्या घरट्यापुढच्या फांद्याही मीच सुतळीनं मागं बांधल्या होत्या. आणि मग तो शेवटचा फोटो आला, बांधावर उतरलेला सोनकावळा, ज्याला बघून मी खुशीत पुढं गेले होते. त्याच्या चोचीत सरडा नव्हता. कोवळी, पिसं फुटत आलेली मान होती आणि उघडी पडलेली रुंद पिवळी चोच.

"भारद्वाज घरटी लुटतोच," मामा म्हणाला. "त्याचं पोट हाय ते. पण तू त्याला वाट करून दिलीस बग."

मला रडू फुटलं नाही. मी मायला विचारलं, "माय, ब्याड यव्वा म्हणजे काय?" मायचं माहेर सीमेवरचं, तिला कानडी यायची.

"नको ग माय," ती म्हणाली. "लेकीला बी यव्वाच म्हणत्यात तिकडं. का ग? कोण म्हणलं तुला?"

मी सगळं सांगितलं. कोयता हवेत फिरवून तो पानं तोडू नको म्हणत होता, हे सांगता सांगताच मला उमजलं. ओट्यावर मी काय बोलले आणि काय बोलले नाही तेही सांगितलं. मामा उठून दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला. माय पदर सावरून उठली. मग तिनं विचारलं, "त्याचं गाव कुठलं?"

बागवानाच्या माणसाकडून मामानं फोनवर गाव काढलं. आम्ही औशाला न जाता निलंग्याची गाडी धरली, तिथून जीप. अण्णांना मायनं काही कळवलं नाही. तिनं नवऱ्याला न सांगता केलेला तो माझ्या माहितीतला एकच प्रवास. शरणप्पाचं घर गावाच्या टोकाला होतं. तो दारात बसून पाटीच विणत होता. आम्हाला बघून उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आली. मायच्या मागं आणखी कोण आहे ते तो बघत होता. माय कानडीत काहीतरी म्हणाली तेव्हा तो पुन्हा बसला. त्याच्या बायकोनं आतून पोतं आणून अंथरलं.

मी जे पाठ करून आले होते ते सगळं बोलले. पानं मी तोडली. पिल्लं भारद्वाजानं नेली. तुम्ही माझ्या मागं नव्हता, मला माहीत होतं, तरी मी काकांना तसं समजू दिलं. तो हातातल्या पाटीच्या फोकाकडं बघत ऐकत होता.

"पिल्लू?" त्यानं विचारलं.

"मेलं. भात घातला मी त्याला."

त्यानं मान हलवली. मग फोक बाजूला ठेवला आणि सावकाश, शब्द शोधत मराठीत म्हणाला, "यव्वा, हे मला सांगाय कशाला आलीस एवढ्या लांब? मला तर ठावंच हाय. मी न्हाई केलं, ते माझ्याइतकं कुणाला ठावं? जिथं मारलं तिथं सांग."

मी पाया पडायला वाकले तर त्यानं पाय मागं घेतले. परत येताना जीपमध्ये माय एवढंच म्हणाली, "जमंल का?"

मला जमेल की नाही हे मलाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या ओट्यावर नेहमीसारखी माणसं जमली होती, त्यांत त्या दिवशी आमराईत आलेलीही होती. मामानं कागदावर छापून दिलेले ते फोटो मी ओट्यावर ओळीनं ठेवले आणि उभ्यानंच बोलले. मी शेवटपर्यंत बोलले. शरणप्पानं मला कधी वाईट नजरेनं बघितलं नाही, हे वाक्य दोनदा म्हणाले. अण्णा खाली मान घालून बसले होते. कुणीतरी विचारलं, "मग त्याच दिशी का न्हाई सांगितलंस ग पोरी?" दुसरा म्हणाला, "आता हिला कुणी शिकवलं असं बोलायला, ते बघा." म्हणजे काहीजणांचा संशय फिटलाच नाही, उलट त्याला नवं खाद्य मिळालं. पुढं माझं लग्न जमवताना तो प्रसंग दोन ठिकाणी आडवा आला. पण तेव्हा मी फक्त काकांकडं बघत होते.

काकांनी शेवटचा फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला, परत ठेवला. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, की मला तसं वाटलं. मग म्हणाले, "त्याचं गाव कुठलं म्हणलीस?"

मी सांगितलं.

दोन दिवसांनी ते मोटारसायकलच्या मागं आंब्यांची पेटी बांधून सकाळीच निघाले. संध्याकाळी परत आले तेव्हा पेटी तशीच मागं बांधलेली होती. काकू दारात उभी होती, मी आणि माय आमच्या अंगणात. काकांनी गाडी लावली, दोरी सोडली, पेटी उतरवून ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिले.

"पेटी न्हाई घेतली त्यानं," ते म्हणाले. "पाणी दिलं पण."